घरगुती विंधन विहीर : फुटांचा हिशेब आणि पाण्याचा हिशेब

सारांश

शहरांच्या सीमेवरील नव्या वसाहतींत घर बांधण्यापूर्वी विंधन विहीर घेण्याची प्रथा रूढ झाली आहे. हा व्यवहार फुटांवर चालतो. खोदाईचा दर फुटावर ठरतो, शेजाऱ्याशी तुलना फुटांत होते आणि पाणी न लागल्यास उपायही 'आणखी शंभर फूट' हाच सुचविला जातो. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाण्याचे प्रमाण मात्र खोलीवर अवलंबून नसते. ते खडकाच्या रचनेवर, वरच्या थरातील साठ्यावर व पुनर्भरणावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात घरगुती विंधन विहिरीची जागा, वेधन, केसिंग, क्षमतामापन, पाण्याची गुणवत्ता व कायदा या बाबींचे स्पष्टीकरण करून ही विहीर खाजगी असली तरी तिचे पाणी सामायिक असते, हे साध्या गणिताने दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : विंधन विहीर, बेसाल्ट, भूजल, केसिंग, पुनर्भरण, वेधननोंद.

१. प्रस्तावना

जुन्या वाड्याच्या चौकात किंवा परसात आड असे. आडाची खोली डोळ्यांना दिसत असे आणि उन्हाळ्यात पाणी किती उतरले हे दोरावरून कळत असे. विंधन विहिरीने हा प्रत्यक्ष परिचय संपविला. साडेसहा इंच व्यासाच्या छिद्रात काय आहे ते घरमालकास दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ बिल, आणि बिलावर फूट लिहिलेले असतात. निवृत्तीच्या रकमेतून किंवा गृहकर्जातून घर उभारणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च लहान नसतो. एक विहीर कोरडी गेली की त्याच भूखंडात दुसरी घेतली जाते व अखेरीस टँकरचा आश्रय घ्यावा लागतो. यात दैवाचा भाग थोडा असून अज्ञानाचा भाग मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. तापी-पूर्णा खोऱ्यातील गाळाच्या प्रदेशात संपूर्ण छिद्रात नळी बसवून जी विहीर घेतात ती कूपनलिका होय. कठीण खडकात वरच्या भागापुरती नळी बसवून खाली उघडे छिद्र ठेवले जाते ती विंधन विहीर. बोलीभाषेत दोन्हींना 'बोअर' म्हणतात. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागावर बेसाल्ट असल्यामुळे येथील विवेचन विंधन विहिरीपुरते मर्यादित ठेवले आहे.

२. दख्खनच्या पाषाणातील पाणी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हारसाचे एकावर एक थर पसरत गेले व दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. विहिरी खोदणारे त्याला 'काळा पाषाण' म्हणतात. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झालेल्या असतात व पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली जातात; हा तुलनेने मऊ खडक 'मांजऱ्या' या नावाने परिचित आहे. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा, चिकण थर आढळतो. सर्वांत वर माती व तिच्याखाली झिजलेल्या खडकाचा मुरूम असतो.

वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी साठते. घट्ट बेसाल्टमध्ये अशी जागा जवळजवळ नसते. त्यातील पाणी मुरमात, झिजलेल्या खडकात, सांध्यांत व भेगांत तसेच दोन थरांच्या संगमावर असते. यांपैकी खरा साठा मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात असून खालच्या भेगा बव्हंशी वाहिनीचे काम करतात. त्या वरचे पाणी छिद्रापर्यंत आणून पोहोचवितात. त्यांची स्वतःची साठवण अल्प असते. 'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. वरचा साठा आटला की खालची भेगही कोरडी पडते.

खोली वाढेल तसतशा वरच्या खडकाच्या भाराने भेगा मिटत जातात. खोलवर कधीच पाणी लागत नाही असे नाही. कधीकधी चांगली भेग लागतेही. परंतु तिचे पुनर्भरण मंद असल्याने पहिल्या वर्षीचा जोर पुढे टिकतोच असे नाही. शिवाय खोल छिद्र वरच्या साठ्यास व खालच्या रिकाम्या भेगेस जोडून देते, तेव्हा वरचे पाणी खाली निसटूनही जाते. जवळचा आड विंधन विहिरीनंतर आटतो, त्यामागील एक कारण हे असू शकते.

३. जागेची निवड

पाणी कोठे लागेल या प्रश्नाचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचे प्रकरण असून त्यात वृक्ष, वारूळ, माती व खडक यांवरून भूमिगत जलाचे अनुमान सांगितले आहे. त्यातील प्रत्येक विधान आज ग्राह्य धरता येणार नाही. तथापि वनस्पती व खडक यांचे निरीक्षण करावे ही त्यामागील दृष्टी अभ्यासकाची आहे. तळहातावर नारळ उभा राहणे किंवा कडुलिंबाची दुबेळकी फांदी खाली झुकणे यांवर भिस्त ठेवणाऱ्या पाणाड्यांची पद्धत याहून भिन्न आहे. नियंत्रित चाचण्यांत तिला विश्वासार्ह आधार मिळालेला नाही. पाणाड्यास काही वेळा यश येते, त्याचे कारण त्याचा त्या परिसराचा दीर्घ अनुभव हे असू शकते. शिवाय मुरमाचा जाड थर असलेल्या भागात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी असतेच.

शास्त्रीय पद्धतीत प्रथम भूरूप पाहिले जाते. टेकडीच्या माथ्यापेक्षा पायथ्याचा व सखल भाग, ओढ्याचा काठ, तसेच भेगांच्या सरळ रेषा अनुकूल मानल्या जातात. त्यानंतर विद्युतरोध सर्वेक्षण करतात. जमिनीत विद्युतप्रवाह सोडून निरनिराळ्या खोलीवरील रोध मोजला जातो. घट्ट खडकाचा रोध अधिक व ओल्या, झिजलेल्या खडकाचा कमी येतो. या पद्धतीने झिजलेल्या थराची जाडी चांगली कळते, मात्र खोलवरची अरुंद भेग हुकू शकते. ती शक्यता सांगते, हमी देत नाही.

दोन हजार चौरस फुटांच्या भूखंडात निवडीस वाव फारसा नसतो, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच भूखंड खरेदी करण्यापूर्वी आसपासच्या विहिरींची मे महिन्यातील स्थिती विचारणे हे सर्वांत स्वस्त सर्वेक्षण ठरते. भूखंडातील जागा ठरविताना शौचालयाची टाकी व शोषखड्डा यांपासून निदान १५ मीटरांहून अधिक अंतर राखावे आणि शक्य असल्यास विहीर चढाच्या बाजूस घ्यावी. शेजाऱ्याचा शोषखड्डा कोठे आहे हेही पाहणे तितकेच आवश्यक असते.

४. वेधन आणि केसिंग

कठीण खडकात जलद वेधन करणारी यंत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतात मोठ्या प्रमाणावर आली. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाने विंधन विहिरींची निकड अधोरेखित केली. याच काळात सोलापूर येथे विकसित झालेला हातपंप पुढे 'इंडिया मार्क-२' या देशभर पसरलेल्या हातपंपाचा आधार ठरला. आज गावोगावी दिसणाऱ्या वेधनयंत्रांच्या गाड्यांपैकी अनेक तमिळनाडूतील तिरुचेंगोडे या व्यवसायकेंद्राशी निगडित असतात.

या यंत्रात हवेच्या दाबावर चालणारा हातोडा छिद्राच्या तळाशीच असतो. त्याच्या टोकावरील बिटास टंगस्टन कार्बाइडची बटणे असून आघात व भ्रमण यांमुळे खडकाचा चुरा होतो. कॉम्प्रेसरची हवा हा चुरा वर फेकते. वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग व पोत हेच खालच्या खडकाचे वर्तमान असते. तांबूस मुरूम, काळी भुकटी, पांढरे खडे, गेरूचा चिखल हा क्रम ज्याने टिपून ठेवला त्याला आपल्या भूखंडाचा छेदच मिळाला असे म्हणता येईल.

वरच्या सैल भागात माती ढासळू नये म्हणून नळी बसवितात. तिला केसिंग म्हणतात. खर्च वाचविण्यासाठी ती आखूड ठेवली जाते, हा पहिला दोष. त्यामुळे काही वर्षांत मुरूम ढासळून पंप अडकतो. नळी व छिद्राची भिंत यांमधील पोकळी न भरणे हा दुसरा दोष होय. पावसाळ्यातील गढूळ पाणी व शोषखड्ड्याचा झिरपा याच पोकळीतून सरळ खाली उतरतो. वरचा काही मीटर भाग सिमेंट किंवा बेंटोनाइट मातीने बंद करणे हा त्यावरील उपाय आहे.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे. मुरमाच्या संपूर्ण जाडीस बंद नळी बसविल्यास ज्या थरात मुख्य साठा आहे त्याच थराचे पाणी बाहेर राहते. अशा वेळी वरचा भाग बंद ठेवून त्याखालील ओल्या मुरमास खाचा पाडलेली नळी व बाहेरून बारीक खडीचे आवरण देणे हितावह ठरते. काही ठिकाणी तर विंधन विहिरीपेक्षा मध्यम खोलीचा आडच योग्य असतो. मात्र वेधन फुटावर विकले जात असल्याने हा सल्ला देणारा व्यवहारात क्वचितच भेटतो.

५. इंचांची भाषा

'दोन इंच पाणी लागले' असे आनंदाने सांगितले जाते. या इंचाचा अर्थ नळीचा व्यास असा नव्हे. छिद्रातून बाहेर येणारे पाणी इंग्रजी 'व्ही' आकाराच्या खाचेतून वाहू देतात व खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजतात. ती उंची म्हणजे हे इंच होत. खाचेतून जाणारा प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातानुसार वाढतो. नव्वद अंशांच्या खाचेत एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर व तीन इंच म्हणजे सुमारे ८,००० लिटर असा हिशेब येतो. दोन इंच हे एक इंचाच्या दुप्पट नसून साडेपाच पटींहून अधिक असतात. अंदाजाने सांगितलेला अर्धा इंच येथे मोठा फरक करतो.

दुसऱ्या बाजूने गरज पाहू. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी १३५ लिटर या नागरी मानकाप्रमाणे दिवसाला ६७५ लिटर पाणी लागते. ताशी ५०० लिटर देणारी विहीर ही गरज दीड तासाच्या आत भागविते. 'केवळ एक इंच' म्हणून नाकारलेली विहीर घरास पुरेशी असू शकते. अट एवढीच की तो एक इंच मे महिन्यातही टिकावा. वेधनाच्या वेळी येणाऱ्या प्रवाहात भेगांत आधीच साठलेले पाणीही असते. त्यामुळे काही तास सलग पंप चालवून पातळी किती उतरते व बंद केल्यावर किती वेळात भरते हे मोजल्याखेरीज टिकाऊ क्षमता समजत नाही. हे मापन उन्हाळ्यात केल्यास ते अधिक विश्वसनीय ठरते.

६. खोलीचा हिशेब

साडेसहा इंच व्यासाच्या छिद्रात दर फुटास सुमारे साडेसहा लिटर पाणी मावते. भेग न लागता शंभर फूट अधिक खोदले तर मिळते ती सुमारे ६५० लिटरची एक उभी टाकी, म्हणजे कुटुंबाच्या एका दिवसाची गरज. झिरपा मंद असलेल्या विहिरीत रात्रभर साठलेल्या या पाण्याचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल. परंतु तेवढीच टाकी जमिनीवर ठेवणे बहुधा स्वस्त पडते.

खोलीचा खर्च वेधनाने संपत नाही. १०० मीटर खोलीवरून १,००० लिटर पाणी उचलण्यास, पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास, सुमारे ०.७ युनिट वीज लागते. ३० मीटरवरून तेच काम सुमारे ०.२ युनिटात होते. हा फरक विहिरीच्या संपूर्ण आयुष्यभर दर महिन्याच्या बिलात येत राहतो. विहिरीच्या क्षमतेपेक्षा मोठा पंप बसविल्यास पाणी लवकर तुटते व मोटार कोरडी चालून जळते. पंप क्षमतेनुसार निवडावा व कोरडे चालणे थांबविणारे उपकरण बसवावे.

७. भूखंडाखालील पाणी कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २,००० चौरस फूट म्हणजे १८६ चौरस मीटर. या भूखंडाखाली १० मीटर जाडीचा ओला, झिजलेला बेसाल्ट आहे असे मानू. अशा खडकातून प्रत्यक्ष निघणारे पाणी आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. २ टक्के धरल्यास भूखंडाखालील एकूण उपलब्ध पाणी सुमारे ३७,००० लिटर येते. दररोज ६७५ लिटर वापरल्यास ते ५५ दिवसांत संपते.

पुनर्भरणाचा आकडा त्याहून बोलका आहे. अवर्षणप्रवण भागात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील १० टक्के मुरतो असे गृहीत धरले, तर त्याच भूखंडावर वर्षाकाठी सुमारे ११,००० लिटर पाणी मुरते. ही रक्कम १६ दिवसांच्या वापराची होय. अंगणात फरशी किंवा काँक्रीट केले असल्यास तीही घटते. वापरलेल्या पाण्याचा काही अंश शोषखड्ड्यातून परत जातो हे लक्षात घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही. वर्षातील उरलेले बहुतेक दिवस हे कुटुंब शेजारच्या भूखंडाखालून, शेतातून किंवा ओढ्याकाठून येणारे पाणी वापरते. पंप सुरू होताच छिद्राभोवती पाण्याची पातळी शंकूच्या आकारात खाली जाते. दोन शेजाऱ्यांचे शंकू एकमेकांत मिसळले की दोघांच्याही विहिरींची पातळी अधिक उतरते. मग एकजण खोली वाढवितो, दुसरा त्याचे अनुकरण करतो, आणि साठा तेवढाच राहून खर्च मात्र दोघांचाही वाढतो.

याच घरावर १,००० चौरस फुटांचे छप्पर असेल व त्यावरील पावसाचा ८० टक्के भाग गोळा झाला तर ते पाणी सुमारे ४४,५०० लिटर होते. भूखंडातील नैसर्गिक पुनर्भरणाच्या हे चौपट आहे. ते आधी साठवावे व उरलेले गाळून शोषखड्डीद्वारे मुरवावे. छपराचे न गाळलेले पाणी थेट छिद्रात सोडणे मात्र टाळावे. त्यासोबत पक्ष्यांची विष्ठा व गाळ सरळ भूजलात जातो.

८. पाण्याची गुणवत्ता

पाणी लागले म्हणजे ते पिण्यायोग्य झाले असे नाही. भारतीय मानक १०५०० नुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅम आहे. एकूण कठीणपणासाठी या मर्यादा अनुक्रमे २०० व ६००, तर फ्लोराइडसाठी १.० व १.५ मिलिग्रॅम आहेत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. वसाहतीत नायट्रेट वाढलेले आढळल्यास सांडपाण्याच्या झिरपण्याचा संशय घ्यावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडची समस्या ज्ञात आहे. नव्या विहिरीचे पाणी वापरण्यापूर्वी रासायनिक व जीवाणूविषयक तपासणी करावी. त्यानंतर निदान पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ती पुन्हा करावी.

९. कायद्याची बाजू

जमीन ज्याची त्याचे खालचे पाणी, ही समजूत कायद्यातूनच आलेली आहे. इंग्लंडमधील १८४३ च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात तिला मान्यता मिळाली व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात तिचे प्रतिबिंब पडले. त्या काळी पाणी हाताने किंवा मोटेने उपसले जाई. अशा स्थितीत हा नियम फारसा जाचक नव्हता. विद्युतपंपाने परिस्थिती पालटली.

महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांच्या रक्षणासाठी १९९३ मध्ये कायदा केला. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीची विहीर 'खोल विहीर' मानली असून वेधनयंत्रधारकांच्या नोंदणीची तरतूद आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये वैयक्तिक घरगुती वापरास ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली. तरीही स्थानिक स्वराज्य संस्थेचे नियम पाहणे घरमालकाचे कर्तव्य ठरते.

उघड्या छिद्रांत लहान मुले पडण्याच्या घटनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. वेधनापूर्वी १५ दिवस सूचना देणे, कामाभोवती काटेरी तारेचे कुंपण घालणे, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधणे, तोंड पोलादी झाकणाने बंद करणे व निरुपयोगी छिद्र तळापासून जमिनीपर्यंत भरणे ही त्यांतील प्रमुख कलमे आहेत. कोरड्या गेलेल्या विहिरीवर दगड ठेवून निघून जाणे हा केवळ निष्काळजीपणा नसून या निर्देशांचा भंग आहे.

१०. वेधननोंद आणि महाविद्यालये

विंधन विहिरीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तिची नोंद. वेधनाच्या दिवशी पुढील गोष्टी एका कागदावर उतरविल्या तर पुरे : दर दहा फुटांवरील चुऱ्याचा रंग व प्रकार, पाणी लागलेली खोली, केसिंगची लांबी, खाचेवरील उंची, दुसऱ्या दिवशीची स्थिर पातळी आणि पाण्याचा तपासणी अहवाल. हा कागद नसल्याने पंप दुरुस्त करणारा अंदाजाने काम करतो आणि शेजारी नव्याने अंधारात छिद्र पाडतो. एका वसाहतीत पन्नास विहिरी असतील तर तेथे खडकाचे पन्नास छेद घेतले गेले आहेत. परंतु त्यांतील माहिती चुऱ्याबरोबर गटारात वाहून गेली आहे.

ही माहिती जमविण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. भूगोल व भूशास्त्र विभागांनी परिसरातील विहिरींची साधी नोंदवही ठेवावी आणि विद्यार्थ्यांनी दरमहा ठरलेल्या दिवशी मोजपट्टीने निवडक विहिरींची पातळी मोजावी. रसायनशास्त्र विभागास पाण्याचे पृथक्करण करता येईल, गणित व संख्याशास्त्र विभागास आकड्यांची मांडणी करता येईल, तर राज्यशास्त्र व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना वापराचे करार व टँकरचा खर्च अभ्यासता येईल. पाच वर्षांची अशी नोंद हाती असल्यास नव्या घरमालकास कोणत्या खोलीनंतर थांबावे हे सांगता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी व्यापक चित्र देतात. गल्लीपुरते चित्र स्थानिक संस्थांनीच काढावे लागेल.

११. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरगुती विंधन विहिरीचे यश किती फूट खोदले यापेक्षा वरच्या थरात किती पाणी मुरले, ते नळीने अडविले की येऊ दिले, दूषित होण्यापासून राखले की नाही आणि उन्हाळ्यात किती उपसले यांवर ठरते. वेधनाचा करार करताना फुटाच्या दराबरोबरच केसिंगची लांबी, वरील भाग बंद करण्याची पद्धत, क्षमताचाचणी, वेधननोंद व कोणत्या खोलीवर थांबायचे या पाच बाबी लेखी ठरवून घ्याव्यात. शेजाऱ्यांनी उपशाच्या वेळा व छपराच्या पाण्याचे पुनर्भरण यांबाबत एकत्र विचार करावा. भूखंडाला कुंपण घालता येते. त्याखालील पाण्याला ते घालता येत नाही. ५५ दिवसांच्या व १६ दिवसांच्या हिशेबाचा अर्थ हाच आहे, आणि घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो खोदाई सुरू होण्यापूर्वी एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.